पहाडावरच्या मठाले लागणारा चुना

देऊळघाट
ता. ६ फेब्रुवारी १९२१

उत्तम,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहला असं समज.

तुयं पत्र बाजारच्या दिवशी पोचलं. टपालवाल्यानं भर बाजारात हाक मारली, "वच्छलाबाई, बगदादकडून कागद!" मले वाटलं, तू मेल्याची खबर आली. चार वर्षांत तुया हातची एक ओळ नाही, मग दुसरं काय वाटन? हात पुसायचंही सुचलं नाही. फोडला, तर आत काय? "बाई, इकडं चुना तडकून राह्यला. हिरडा किती रोज भिजवायचा? गुळाचं पाणी घाणीत केव्हा टाकायचं? उडदाचं टाकतात का? लवकर कळव, काम अडलं आहे."

वा रे वा! काम अडलं तवा बहीण आठवली. माय कशी आहे, हे इचारलं नाहीस. माय मानमोडीच्या साथीत गेली, दोन वर्षं उलटली. तिले शेवटचं पाणी मी पाजलं. तू तवा बसऱ्याच्या बंदरात सरकारच्या गोण्या मोजत असशीन.

पत्राच्या पाठीवर तू त्या मठाचं कौतुक लिहलं. मोसल शहराच्या पलीकडं उंच पहाड, त्याच्या कड्याले चिकटलेला ख्रिस्ती साधूंचा मठ, पंधराशे वर्षांचा. रस्त्याचं सरकारी काम सरलं तरी तू घरी नाही आला, त्या साधूंपाशी मिस्त्री म्हणून राह्यला, अन् आता त्याइच्या समाधीवरची पडलेली कमान उभी करून राह्यला. करा, करा. आपली पडलेली कमान कोण उभी करन, ते नको इचारू.

तुले इसर पडला असन, मले नाही. उंद्रीची बारव. वैशाखात तिची कमान कोसळली. दगड कोरणाऱ्या कय्यूमभाईले अजून दगडाखालून काढलंही नव्हतं, अन् तू काठावर उभा राहून बारव बांधून घेणाऱ्या वामनरावाच्या समोर, पन्नास माणसाइत म्हणला, "दगड माया होता, चुना बाईचा होता."

त्या एका बोलण्यावर माया चुना मळायच्या घाणीचा दगड चार वर्षं फिरला नाही. आपल्या बाच्या वेळेपासून पंचक्रोशीतलं एक देऊळ, एक मशीद, एक हौद आपल्या चुन्याबिगर बांधला गेला नाही. आज मी बाजारात पानात खायच्या चुन्याच्या डब्या इकते. बाया घेतात, अन् घेता घेता एकमेकींकडं पाहतात. मागं एक जण म्हणली, "खाऊन पडणार तर नाही ना वं?" मी हसली. काय करू?

आपल्या अंगणात दोन हौद होते. जुन्या हौदातल्या चुन्याले तीन अवस उलटल्या होत्या. नव्यातल्याले एकच झाली होती. नवा हौद कोणं फोडला? तू. आपल्या घरची रीत आहे, बाईनं जिभेवर ठेवून पाह्यल्याबिगर चुना हौदाच्या बाहेर जात नाही. माय चाखत होती, मग मी. तू मले न इचारता नेला. चोराच्या उलट्या बोंबा!

तर आता ऐक. पाटलाच्या नावानं एक कागद लिह. त्यात लिह, की बारवेचा चुना कच्चा होता, तो बाईले न चाखवता मी नेला, चूक माई. तो कागद चावडीवर वाचला जाईन. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुले हिरडा, गूळ, उडीद सगळं कळवते. तवर तुया मठाची कमान देवावर सोड. त्याचाच मठ आहे.

वच्छला


देऊळघाट
ता. १७ एप्रिल १९२१

उत्तम,

चार पानं लिहली. त्यातली साडेतीन मठाची, अर्धं पान माय गेली म्हणून रडण्याचं. मी मांगतलेल्या कागदाची एक ओळ नाही. उलट मलेच सांगून राह्यला, "बाई, झालं गेलं ते जाऊ दे." ज्याचं गेलं नाही त्याले म्हणायले सोपं आहे.

मी मात्र सगळी पानं वाचली. दोनदा. न वाचून काय करते, घरात बोलायले कोण आहे?

तर तुया मठाचा पहिला साधू रूम देशच्या बादशहाच्या जाचातून पळाला, चेले घेऊन पहाडात शिरला, गुहेत राह्यला. तिथल्या राजाच्या पोरीचं कोड त्यानं झऱ्याच्या पाण्यानं बरं केलं, म्हणून राजानं मठ बांधून देल्ला. एके काळी तिथं हजारावर साधू होते, पहाडभर दिवे दिसत. मग लुटारू आले, पोथ्या जाळल्या, शंभर वर्षं तिथं बकऱ्या बसल्या. पुन्हा साधू आले. पुन्हा कोणी हाकललं. असं पाच वेळा. अन् या लढाईत सहाव्यांदा ओसाड पडला. आता तीन म्हातारे साधू अन् त्याइचे एक मोठे महाराज परत आले, सोबत उत्तरेकडून घरदार जळून आलेली दोनशे माणसं. थंडीत बर्फ पडते. त्याच्या आत समाधीवर छत झालं पाह्यजे, कारण ती माणसं त्याच छताखाली निजणार आहेत. बायालेकरांसगट.

हे शेवटचं वाक्य तू काऊन लिहलं, हे मले कळते बे. मी काही इतकी भोळी नाही. दोनशे माणसाइचं ओझं मायावर टाकतं अन् स्वतः नामानिराळा राहतं! थंडी पडली तर वच्छला जबाबदार, कमान पडली तर वच्छला जबाबदार. नाचता येईना, अंगण वाकडं.

सहा वेळा पडलं ते पुन्हा उभं करायले तू दर्या ओलांडून गेला. उंद्रीची बारव तुया घरापासून किती कोस आहे? तिथं आता काट्या टाकल्या आहेत. वामनरावानं पुन्हा हात लावला नाही. बाया पाण्याले मैलभर जातात, अन् वाटेत माया नावानं बोटं मोडतात.

अन् ते काय लिहलं आहे, "तुले आठवत असन तसं तू आठव बाई, मी काही म्हणत नाही"? काय म्हणायचं आहे तुले? म्हण ना! मले सगळं आठवते. तू सकाळी दोन बैलगाड्या लावल्या, नव्या हौदावरची वाळू ओढली अन् घमेली भरली. मी घाणीपाशी होती. मले कोणं इचारलं नाही. इतकंच झालं. यापेक्षा जास्त काही झालं असन, तर ते तुयाच ध्यानात असन.

कय्यूमभाईच्या जमीलाबद्दल इचारलं. बरी आहे. चार घरं सोडून राहते, तुले ठाऊक आहे. लोकाइच्या गोधड्या शिवते. आमचं बोलणं होत नाही. ती बोलत नाही असं नाही, मीच त्या गल्लीनं जात नाही. काऊन जाऊ? तिच्या नवऱ्याले माया चुन्यानं मारलं, असं तूच सांगून गेला ना?

कागद पाठव. कागदाबिगर एक अक्षर सांगणार नाही.

वच्छला


देऊळघाट
ता. २३ जून १९२१

उत्तम,

कागदाच्या ऐवजी डबी पाठवली. बिडीच्या डबीत जुन्या मठाच्या भिंतीचा चुन्याचा तुकडा, अन् चिठ्ठी, "बाई, पाह्य, हा कसा केला असन?"

लाच देतं का मले?

पाह्यला. आधी नखानं खरवडला, मग पाण्यात ठेवला, मग दाताखाली धरला. दात दुखला, तुकडा नाही फुटला. त्यात बकरीचे केस आहेत, आपण ताग टाकतो तसे. राख आहे. गूळ नाही, पण काही तरी गोड होतं, खजूर असन, तिकडं तोच होते. अन् वाळू नदीची नाही, दगड कुटून केलेली आहे. बारीक चाळलेली. असा चुना घाईत होत नाही, उत्तम. कोणी तरी महिनोन्महिने त्याच्यावर पाणी धरलं आहे. साधू लोकं तर पोथी वाचत असतीन, हे काम खालच्या गावच्या बायाइचंच. त्याइचं नाव तुया महाराजाच्या पोथीत आहे का, इचारून पाह्य. नसनच.

बानं आपल्याले लहानपणी रोहिणखेडच्या मशिदीत नेलं होतं, कमानी दाखवायले. तीनशेच्या वर वर्षं झाली तिले. बा म्हणला, बांधणाऱ्याचं नाव कोणी तरी सांगन, चुना मळणाऱ्याचं कोणीच नाही सांगत. तू हसला होता. मले तवाच राग आला होता, अन् तो अजून गेला नाही.

तरी एक सांगते, कारण हे तुले ठाऊकच आहे अन् हे काही मी सांगितलं असं होत नाही: भट्टीचा दगड हे पत्र पोचल्या दिवशी भिजत घातला, तर तीन अवस उलटून आश्विनात निघन. तवा नाही घातला, तर बर्फाच्या आत निघणार नाही. तवा निदान भिजत तरी घाल. वरून चार बोटं पाणी राह्यलं पाह्यजे. बाकी कागद आल्यावर.

वच्छला


देऊळघाट
ता. २६ ऑगस्ट १९२१

उत्तम,

पाटलाच्या नावचा कागद पोचला. काल चावडीवर वाचला. आज माया हातून काही लिहवत नाही.

वच्छला


देऊळघाट
ता. ४ सप्टेंबर १९२१

उत्तम,

तुले कोणं सांगतलं होतं बे खोटं लिहायले?

मीच सांगतलं होतं. तीन पत्रांत सांगतलं, कमरेले पदर खोचून सांगतलं. पण मी म्हणलं म्हणून तू लिहशीन? उचलली जीभ लावली टाळूले, असं बोलणाऱ्या बाईचं ऐकून तू सरकारी शिक्क्याचा कागद धाडशीन? कधी तर भांडला असता माया सोबत! "बाई, तू खोटं बोलून राह्यली," एवढं एक वाक्य लिहलं असतं, तर मी चार दिवस आदळआपट केली असती अन् गप्प बसली असती. तू ते वाक्य लिहलंच नाही.

चावडीवर पाटलानं उभं राहून वाचलं. "उंद्रीच्या बारवेचा चुना कच्चा होता. तो मी वच्छलाबाईले न इचारता, न चाखवता नेला. ती निर्दोष आहे. कय्यूमभाईचं मरण माया एकट्याच्या डोक्यावर आहे." लोकं हळहळले. ज्या बाईनं मले "खाऊन पडणार तर नाही ना" म्हणलं होतं, तिनं माया हात धरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच वामनरावाचा माणूस आला. बारव पुन्हा बांधायची आहे, चुना तुमचाच पाह्यजे, वच्छलाबाई. चार वर्षं मी याच दिवसाची वाट पाहत होती. मी त्याले बसायले सांगितलं, पाणी देल्लं, अन् आत जाऊन कडी लावली.

आता खरं लिहते. तुले ठाऊकच आहे, पण माया हातानं कधी लिहलं नाही.

तू मले चाखवलं होतं.

वडाच्या पानावर बोटभर चुना घेऊन तू घाणीपाशी आला. "बाई, पाह्य बरं, जुना हौद पुरत नाही, वामनराव घाई करून राह्यले, हा चालन का?" मी जिभेवर ठेवला. जीभ भाजली. फोड आला, आठ दिवस मले तिखट खाता आलं नाही. अन् मी म्हणली, "ने."

काऊन म्हणली, तेही लिहते. आदल्या दिवशी वामनराव आपल्या अंगणात आले होते, अन् त्याइनं मायाकडं बोट करून इचारलं, ही कोण? तू म्हणला, "ही आमची घाणीवर असते." बहीण नाही म्हणला. चुना हिचा, हे नाही म्हणला. घाणीवर असते! बैल असते तशी. अन् त्याच सांजेले कय्यूमभाईनं बारवेत बसवायचा दगड दाखवायले आणला, त्यावर सुबक अक्षरात कोरलं होतं, उत्तम मिस्त्री, देऊळघाट. बिचारा कय्यूमभाई म्हणला, "वच्छलाबाई, अच्छा उतरला ना?" मी म्हणली, छान.

माया मनात आलं, जाऊ दे कच्चा. गिलाव्याले फुगे येतीन, भेगा पडतीन, वामनराव बोलतीन, अन् हा येईन "बाई, बाई" करत. एकदा तर येईन. कमान पडन हे माया मनात नव्हतं. तुया गळ्याची आण, नव्हतं. पण ज्या बाईले चुन्यातला फरक जिभेनं कळते, तिले कच्च्या चुन्याची कमान खालचा लाकडी आधार काढल्यावर उभी राहत नाही, हे कळत नव्हतं, असं मी कोणाले सांगू? मले कळत होतं. मी तिकडं मन जाऊ देल्लं नाही.

म्हणून तू काठावर उभा राहून म्हणला, "चुना बाईचा होता," ते खरं होतं. माया राग त्याच्यावरच होता, की ते खरं होतं. तू खोटं बोलला असता, तर मले इतका राग आलाच नसता. अन् तू गाव सोडून गेला, तो लाजेनं गेला असं सगळे म्हणले. मले माहीत होतं, तुले मायं तोंड पाहावं लागू नये म्हणून तू गेला.

आता तू कागदासोबत मले वेगळी चिठ्ठी लिहली आहे. मोठ्या महाराजाइले सगळं सांगितलं, चाखवल्याचंही. ते म्हणले, बहिणीले जे लागते ते दे. म्हणून देल्लं. त्या महाराजाइले माया नमस्कार सांग, अन् हेही सांग, की पंधराशे वर्षांच्या मठात राहून त्याइले एवढंही कळत नसन, तर कठीण आहे. एकाचं खोटं दुसऱ्यानं उचललं, तर ते कमी होत नाही. आता आपल्या दोघाइचं झालं.

चुन्याचं लिहते. हिरडा कुटून सात रोज भिजव, पाणी काळं झालं पाह्यजे. तिकडं हिरडा मिळत नसन, तर डाळिंबाची सालं चालतीन असं वाटते, मी करून पाह्यलं नाही, म्हणून आधी लहान भिंतीले लाव. गूळ नाही तर खजूर, तो दळतानाच टाक, भिजवताना नाही. उडदाचं पाणी फक्त वरच्या थराले. बकरीचे केस त्याइच्या जुन्या रीतीनं टाक, ती रीत आपल्यापेक्षा चांगली आहे. कमानीखालचा लाकडी आधार दीड महिना काढू नको, महाराज म्हणले तरी. अन् चुना तू स्वतः चाख. खालच्या गावची जी म्हातारी हे काम जाणत असन, तिले पण चाखव, अन् त्या आधी तिच्या सोबत धड बोल.

वामनरावाच्या माणसाले मी परत पाठवलं. काल चावडीवर गेली, पाटलाले म्हणली, कागद बाहेर काढा, त्याच्या खाली मले लिहायचं आहे. बाईमाणसानं चावडीवर चढून लिहायचं म्हणजे काय, असं दोघंतिघं म्हणले. मी लिहलं. "चाखवला होता. मी जाणून होय म्हणली." पाटलानं ते वाचलं, मग पुन्हा वाचलं, अन् मोठ्यानं वाचायची त्याची हिंमत झाली नाही. मग मीच वाचलं. परतताना त्याच बाईनं मले पाहून पोरीले आत ओढलं.

तिथून मी जमीलाच्या घरी गेली. चार वर्षांत पहिल्यांदा त्या गल्लीत पाय टाकला. ती ओसरीवर गोधडी घेऊन बसली होती. मले बस म्हणली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, दगडावरचं नाव, जीभ, "ने" म्हणलेलं, सगळं. ती टाके घालत राह्यली. मधात एकदाही मान वर केली नाही. मायं बोलणं सरलं तवा तिनं दोरा दातानं तोडला.

म्हणली, "वो होते, तो बोलते, जाने दो जमीला, बहन है. उनका दिल बडा था."

मग मायाकडं पाह्यलं.

"मैं नाही बोलती."

मी काही मांगायले गेलीच नव्हती, तरी तिथं उभी राह्यली. तिनं नवी सुई ओवली अन् कामाले लागली. मग मी घरी आली. तिचं बरोबर आहे, उत्तम. तू येशीन तवा तिच्या घरी एकटाच जाजो, मले सोबत नेऊ नको.

वच्छला